पुढच्या शाळेसाठी

“ती माझ्यासारखी आहे, मादाम,” फातिहा म्हणाली.

ती रंगांच्या वाट्या धूत होती. मी शेजारी ओट्याला टेकून उभी होते. बाहेर वाळवंटाकडचा गरम वारा सुटला होता. तो सुटला की दोन-तीन दिवस कुणाचंच डोकं ठिकाणावर नसे. मुलं नुकतीच घरी गेली होती. मला फक्त कुठेतरी बसायचं होतं आणि कुणाशी बोलायचं नव्हतं.

“कोण तुझ्यासारखी?”

“हेझल.”

“म्हणजे कशी?”

फातिहानं हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच्या भिंतीकडे बोट केलं. सहलीला कुणी काय आणायचं त्याची यादी मी सकाळी तिथे डकवली होती.

“ती तिथे सगळ्यांच्या मागे उभी राहते. बाकीची वाचतात, ती ऐकते. मग पुढे होते आणि बोट लावून मोठ्यानं म्हणते. मी पोस्टात असंच करते.”

फातिहा आमच्या शाळेची झाडलोट करायची, मुलांना दूध द्यायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं, ना अरबी, ना फ्रेंच. हे तिनं कधी लपवलं नाही, निदान माझ्यापासून तरी.

“काहीतरीच तुझं,” मी म्हटलं. “नऊ वर्षांची आहे ती. वर्गात सगळ्यांत छान वाचते.”

“पोस्टात मीसुद्धा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलते,” फातिहा म्हणाली आणि पुन्हा वाट्यांकडे वळली.

ही १९८२ सालची गोष्ट. अल्जीरियात समुद्रकाठच्या एका गावाबाहेर सिमेंटचा कारखाना उभा राहत होता, आणि माझे यजमान तिथे इंजिनियर होते. गावातल्या शाळा अरबी आणि फ्रेंच. कारखान्यावर आलेल्या स्कॉटिश, आयरिश, कॅनेडियन आणि आम्हा चार भारतीय कुटुंबांच्या मुलांसाठी कंपनीनं एक छोटी इंग्रजी शाळा काढून दिली होती. कुणा फ्रेंच माणसानं जाताना सोडून दिलेला बंगला, खाली रंगीत फरशा, मागे संत्र्याची सात झाडं. सत्तावीस मुलं. मुख्याध्यापिका मिसेस ऑल्डन, मी, आणि फक्त सकाळी येणाऱ्या एक कॅनेडियन बाई. मी लग्नाआधी मिरजेला चार वर्षं शाळेत शिकवलं होतं, तेवढ्यावर मला घेतलं. ताम्हनकर हे नाव तिथे कुणाला म्हणता येईना, म्हणून मी मिसेस टी झाले.

त्या शाळेत मुलं टिकत नसत. वडिलांचं काम संपलं की कुटुंब उठे, दुसऱ्या देशात, दुसऱ्या कारखान्यावर. महिन्या-दोन महिन्यांनी एखादं बाक रिकामं होई. म्हणून मिसेस ऑल्डननी एक रिवाज पाडला होता. जाणाऱ्या मुलाला शेवटच्या दिवशी एक खाकी पाकीट मिळे. वर लिहिलेलं असे, ‘पुढच्या शाळेसाठी’. आत वर्गशिक्षिकेचं पत्र. आधी ते पत्र मुलानं वाचायचं, मग स्वतःच्या हातानं घडी घालायची, पाकिटाची कड जिभेनं ओली करून ते बंद करायचं आणि दिवाणखान्यात सगळ्या शाळेसमोर उभं राहायचं. टाळ्या वाजायच्या. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते मुलाला कळलं पाहिजे, असं मिसेस ऑल्डन म्हणत. मलाही ते फार आवडायचं. मूल वाचणार म्हटल्यावर कोण वाईट लिहील?

फातिहाचं बोलणं मी मनावर घेतलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी वाचनाचा तास आला, तेव्हा ते डोक्यातून जाईना.

आमची पुस्तकं म्हणजे गेलेल्या कुटुंबांनी मागे ठेवलेली. एकाच पुस्तकाच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही आवृत्त्या कपाटात असत. त्यातल्या एका गोष्टीत मामा स्टेशनवरून येतो. जुन्या आवृत्तीत तो घोडागाडीतून येतो. नव्या आवृत्तीत मोटारीतून येतो आणि मोटार चिखलात रुतते. त्या पानावर चित्र नाही. मी सगळ्यांना जुनी पुस्तकं दिली आणि हेझलच्या हाती नवं ठेवलं.

हेझल नेहमी तिसरी वाचायची. पहिल्या दोघांनी तो धडा वाचला, मग ती उठली. केस मागे सारले, पुस्तक नीट समोर धरलं, आणि वाचायला लागली. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं बरोबर. योग्य जागी पान उलटलं. घोड्याच्या नाकातून वाफ निघत होती तेही वाचलं. तिच्या पुस्तकात घोडा नव्हताच.

शेजारच्या डेक्लननं मान वाकडी करून तिच्या पानात पाहिलं. “पण मिसेस टी, हिच्या पुस्तकात तर...”

“डेक्लन, पुढचं तू वाच,” मी म्हटलं.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. ती माझ्या टेबलासमोर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते.

“हेझल, तुझ्या पुस्तकात घोडागाडी नाहीये.”

“कुठल्या पानावर?”

“तू वाचलंस त्याच पानावर.”

तिनं पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मग काय आहे?”

“मोटार.”

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “घोडागाडी जास्त चांगली होती.”

मला हसू आलं. मी पाण्याचा घोट घेतला.

“घरी माहीत आहे?”

“झोपताना आई मला वाचून दाखवते. मग दुसऱ्या दिवशी मी तिला वाचून दाखवते. तिला खूप बरं वाटतं.” ती पाय हलवत होती. “बाबा म्हणतात, लॉसनांच्या घरात सगळे हुशार. तुम्ही सांगणार आहात?”

“आणि आधीच्या शाळांत? कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

“बहारीनच्या मिस पर्लच्या येत होतं. पण तेवढ्यात आम्ही निघालो.” चुकलेल्या बसबद्दल बोलावं तसं ती बोलली. “लक्षात यायला वर्ष लागतं, मिसेस टी. मग आम्ही जातो.”

“मी शिकवू का तुला? शाळा सुटल्यावर, रोज?”

“आता उशीर झाला. आम्ही नॉर्वेला जाणार.”

“कुणी सांगितलं तुला?”

“सांगितलं नाही कुणी. आई पडदे धुतेय. पडदे धुतले की तीन आठवडे.”

मी तशीच मिसेस ऑल्डनकडे गेले. साठीच्या, उंच, वाकलेल्या बाई. त्यांचे यजमान लागोसला वारले, आणि तेव्हापासून त्या कुठे ना कुठे अशाच शाळा चालवत होत्या. मी हेझलची फाईल मागितली. त्यांनी ती न विचारता दिली.

त्यात चार शाळांची चार पत्रं होती. बहारीन, लागोस, जाकार्ता आणि एडिंबराजवळची एक. मी उभ्याउभ्याच वाचली. ‘हसतमुख मुलगी.’ ‘मदतीला नेहमी पुढे.’ ‘वाचन अत्यंत भावपूर्ण.’ शेवटच्या पत्रात होतं, ‘हिची स्मरणशक्ती विलक्षण आहे.’

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

मिसेस ऑल्डननी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “संशय होता. नोव्हेंबरपासून.”

“मग?”

“मग डिसेंबरात देवी आली दोघांना, जानेवारीत छत गळलं.” त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. “शारू, मला वाटलं वर्ष पुरं होईल.” मला त्या शारू म्हणत. शरयू त्यांना जमत नसे.

“डिसेंबरात कांजिण्या आल्या होत्या,” मी म्हटलं.

“तेच ते.”

तीन आठवडे मी हेझलला शिकवलं. पुस्तक काढलं की ती लगेच पाठ म्हणायला लागे, म्हणून मी पुस्तक बंदच केलं. कुरुंदवाडला आमच्या गुरुजींनी आम्हाला धूळपाटीवर अक्षरं गिरवायला लावली होती, ते मला आठवलं. फातिहानं मोठी परात आणली, तिच्यात कुसकुसचा रवा पसरला. हेझल बोटानं अक्षर काढायची, मी आवाज सांगायची, मग ती परात हलवून ते पुसायची आणि पुन्हा काढायची.

फातिहा भांडी आवरायच्या निमित्तानं तिथेच घोटाळायची. एकदा हेझल तिला म्हणाली, “तू पण काढ ना.” फातिहा म्हणाली, “माझी बोटं ओली आहेत.” ती कोरडी होती, मला दिसत होती.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी हेझलनं आपलं नाव काढलं. नाव तिला आधीही लिहिता यायचं, पण चित्र काढल्यासारखं. आता तिनं एकेका अक्षराचा आवाज म्हणत ते काढलं आणि म्हणाली, “हे मी आहे होय?” तिसऱ्या आठवड्यात ती तीन अक्षरांचे दहा-बारा शब्द वाचू लागली. कपाळावर घाम येई. घोडागाडीचा अख्खा धडा घडाघडा म्हणणारी पोर एका शब्दापुढे दोन-दोन मिनिटं बसे. पण तो शब्द तिचा असे.

“नॉर्वेच्या बाई पण रव्यात शिकवतील?” तिनं विचारलं.

“मी त्यांना पत्रात लिहीन.”

“लिहा. नाहीतर मला पुन्हा तिसऱ्या नंबरावर वाचावं लागेल.”

मी पत्र लिहिलं. दीड पान झालं. हेझलला वाचता येत नाही, हा तिचा दोष नाही. तिला धडे पाठ करू देऊ नका. तिला अमुक अक्षरं येतात, तमुक येत नाहीत. रोज अर्धा तास एकटीला घेऊन बसा, पुस्तकाशिवाय. मी ते मिसेस ऑल्डनपुढे ठेवलं. त्यांनी खिडकीशी जाऊन सावकाश वाचलं.

“चांगलं लिहिलंयस.”

“मग हेच देऊ ना?”

“हे पत्र हेझल वाचणार, शारू.”

“तिला वाचता येत नाही.”

त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, “मिस्टर लॉसन घरी पाकीट उघडून वाचतील. ही शाळा कंपनीच्या ज्या समितीच्या जिवावर चालते, तिचे ते अध्यक्ष आहेत. जाण्यापूर्वी पुढच्या वर्षी शाळा ठेवायची की नाही ते लिहून जायचंय त्यांना. ते मला विचारतील, वर्षभर तुम्ही काय करत होतात. काय सांगू?”

“जे झालं ते.”

“मग सप्टेंबरमध्ये ही सव्वीस मुलं कुठे जातील?” आवाज चढला नव्हता, उलट आणखी खाली गेला होता. “आणि ते सोडून दे. नॉर्वेच्या शाळेत जागा कमी, रांग मोठी. असं पत्र घेऊन गेली तर तिला दारातूनच परत पाठवतील. आधी आत तर जाऊ दे. आत गेली की कुणीतरी तुझ्यासारखी भेटेल.”

“बहारीनला असंच म्हटलं असेल. लागोसला पण.”

“असेल,” मिसेस ऑल्डन म्हणाल्या. “तू तिच्या आईशी बोल हवं तर. मी अडवणार नाही.”

मी गेले. मिसेस लॉसन खोक्यांच्या गराड्यात बसून काचेची भांडी कागदात गुंडाळत होत्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यांनी एक खुर्ची मोकळी केली, चहा केला, माझे दोन्ही हात हातात घेतले.

“हेझल सारखं तुमचंच नाव घेते. दर वेळी ही खोकी भरताना मला वाटतं, या पोरीचं काय होणार. पण ती बघा, कुठेही टाका, रुजते. काल मला अख्खी गोष्ट वाचून दाखवली. तेवढाच एक घोर नाही मला.”

मी तोंड उघडलं होतं. पण मी म्हटलं, “हुशार आहे.” चहा प्यायला आणि परत आले.

संध्याकाळी मी गच्चीवर संत्री सोलत बसले होते. हे कारखान्यातून आले ते हातात मिरजेचं पत्र घेऊनच. आमचा सुहास तेव्हा बारा वर्षांचा. त्याचं शिक्षण मोडू नये म्हणून त्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे ठेवला होता. ताईचं पत्र दर पंधरवड्याला येई.

“काय म्हणते ताई?” मी विचारलं.

“सुहास मजेत आहे.”

“मागच्या पत्रातही मजेतच होता.”

“मग काय लिहील ती? रडतो म्हणून लिहील? आपण इथून काय करणार आहोत?” हे बूट काढत म्हणाले. दिवसभराची सिमेंटची धूळ भुवयांवर बसलेली होती. “अगं, लांबच्या माणसाला लिहायच्या पत्रात कुणी असलं लिहितं का? वाचणाऱ्याला झोप लागावी म्हणून लिहितात.”

“अहो, म्हणजे तो रडतो?”

“मी तसं म्हटलं का?”

मी त्यांना हेझलचं सगळं सांगितलं. त्यांनी संत्र्याच्या दोन फोडी खाल्ल्या.

“भांडायचं असेल तर भांड. लॉसन माझा साहेब आहे म्हणून गप्प बसू नकोस. पण तुझ्या अंगात आता भांडायचं त्राण आहे का, ते बघ.”

त्राण नव्हतं. दुसरं कुठलंही कारण देता येईल, आणि चाळीस वर्षांत मी पुष्कळ देऊन पाहिली आहेत, पण खरं तेवढंच. सात वर्षं परमुलखात झाली होती, वारा थांबत नव्हता, आणि मिसेस ऑल्डन म्हणत होत्या ते काही अगदीच खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सहा ओळींचं पत्र लिहिलं. ‘हेझल आनंदी आणि कष्टाळू मुलगी आहे. तिचं वाचन भावपूर्ण आहे.’ खाली सही केली. दीड पानाचं पत्र टेबलाच्या खणात टाकलं.

शेवटच्या दिवशी हेझल निळा फ्रॉक घालून आली. दिवाणखान्यात मुलं जमत होती. मी तिला माझ्या वर्गात घेतलं, दार लोटलं, आणि ते सहा ओळींचं पत्र आणि खाकी पाकीट तिच्यापुढे ठेवलं.

तिनं पत्रावर बोट ठेवलं. “हे मी.” नाव तिनं बरोबर ओळखलं होतं. मग बोट पुढे सरकलं आणि थांबलं. “बाकीचे शब्द मोठे आहेत. तुम्ही वाचा.”

मी कागद उचलला. वाचायचं तर ‘आनंदी आणि कष्टाळू’ वाचायचं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ऐकताना ती अशीच बघायची, एकही शब्द सुटू नये म्हणून.

मी वाचलं, “‘हेझलला अजून वाचता येत नाही. हा तिचा दोष नाही. ती फार जागा बदलत आली, आणि तिला शिकवायला कुणी थांबलं नाही.’”

तिनं मान हलवली.

“‘तिला अठरा अक्षरं येतात. तिला धडा आधी ऐकू देऊ नका, तो तिला पाठ होतो. तिला तिसरी वाचायला लावू नका. रोज अर्धा तास तिच्याबरोबर बसा. रव्याची परात घ्या. ती अक्षर विसरली तर रागावू नका, ती घाबरते आणि मग गोष्टी सांगायला लागते. तिला फार सुंदर गोष्टी येतात. त्या ऐकून फसू नका.’”

मला दीड पान पाठ होतं. मी ते सगळं म्हटलं, त्या सहा ओळींवरून डोळे फिरवत, मध्ये एकदा कागद पालटून कोऱ्या पाठीवरून सुद्धा. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, सगळं बरोबर.

हेझलनं कागद माझ्या हातातून घेतला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“एवढ्याशा ओळींत इतकं मावतं?”

“मावतं,” मी म्हटलं.

तिला ते पटलं. का पटू नये? कागदावरच्या रेघांत काय काय मावतं ते ज्यांना वाचता येतं त्यांनाच ठाऊक, असंच ती जन्मभर बघत आली होती.

“म्हणजे आता मला त्यांना काही सांगावं लागणार नाही ना?” तिनं विचारलं. “मला सांगायची लाज वाटत होती.”

“नाही. पाकीट दिलंस की झालं.”

“मग त्या आपणहून सुरू करतील.”

“हो.”

तिनं पत्राची घडी घातली, कडांवरून नख फिरवलं, पाकिटाची कड जिभेनं ओली केली आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. दिवाणखान्यात टाळ्या वाजल्या तेव्हा तिनं पाकीट छातीशी धरलं होतं. इतक्या मुलांना ते पाकीट घेताना मी पाहिलं, पण इतक्या निश्चिंत चेहऱ्यानं कुणी घेतलेलं आठवत नाही. मिसेस ऑल्डननी माझ्या दंडाला हलकेच हात लावला. मी बरोबर केलं, असं त्यांना म्हणायचं असावं. आणि मलाही त्या घटकेला तसंच वाटलं. पोरीला निदान एकदा कुणीतरी खरं काय ते सांगितलं, एवढ्यावर मी माझं समाधान करून घेतलं.

गाडी गेल्यावर फातिहा परात धूत होती.

“पत्रात लिहिलंस ना, मादाम?”

“वाचून दाखवलं तिला,” मी म्हटलं.

फातिहानं पुन्हा विचारलं नाही. तिला मी काय उत्तर दिलं आणि काय दिलं नाही ते बरोबर कळलं होतं. न वाचता येणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची सवय असते.

शाळा सप्टेंबरमध्ये पुन्हा उघडली. लॉसनसाहेबांनी चांगलं लिहून दिलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावानं एक चित्राचं कार्ड आलं. बंदर, लाल-पिवळी लाकडी घरं, मागे डोंगर. अक्षर मिसेस लॉसनचं. नवीन घर छान आहे, थंडी फार आहे, हेझलला शाळेत सहज जागा मिळाली, तुमच्या पत्राचं तिथल्या बाईंनी फार कौतुक केलं. हेझल मजेत आहे. मग खाली, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात: ‘हेझलनं मला एक ओळ लिहायला लावली आहे. तिचा अर्थ मला कळला नाही, पण ती ऐकत नाही. ती म्हणते, मिसेस टींना सांग, त्यांनी अजून सुरू केलेलं नाही. बहुतेक त्यांनी पत्र नीट वाचलं नसेल. मी वाट बघतेय.’

आणि त्याखाली पेन्सिलीनं, मोठ्या वाकड्या अक्षरांत, तिचं नाव. बोटानं रव्यात काढल्यासारखं.

मी ते कार्ड घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि फातिहाच्या स्टुलावर बसले. तिनं विचारलं, “काय लिहिलंय?” मी तिला वाचून दाखवलं. जे होतं तेच वाचलं. फातिहानं गॅस बंद केला.

“दोन महिने,” ती म्हणाली. “ती गप्प बसली असेल. तूच सांगितलं असशील, काही सांगू नको म्हणून.”

हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरं पत्र दिलं नाही, हे माझं पाप मला माहीत होतं, आणि त्याच्यासह जगायची मी तयारी केली होती. पण आधीच्या चारही शाळांत ती पोर निदान सावध होती. कान टवकारून, मागे उभी राहून, तिसरी वाचून तिनं स्वतःला निभावून नेलं होतं. मी तिचं तेवढंही काढून घेतलं. तिला सांगितलं की आता निर्धास्त बस, त्यांना सगळं ठाऊक आहे. आणि ती बसली होती. परक्या वर्गात, हात मांडीवर ठेवून, कुणीतरी रव्याची परात घेऊन येईल म्हणून.

त्या दुपारी मी पत्र लिहिलं. मिसेस लॉसनना नाही, नॉर्वेच्या बाईंना नाही. वर लिहिलं, ‘प्रिय हेझल’. खाली लिहिलं की त्या दिवशी मी तुला वाचून दाखवलं ते त्या कागदावर नव्हतं. त्यावर सहा ओळी होत्या, त्या खोट्या होत्या, आणि सही माझी होती. नॉर्वेच्या बाईंचा काही दोष नाही. वाट बघू नकोस, आता तुला स्वतःलाच सांगावं लागेल. आणि खणातलं दीड पान त्याला जोडलं.

हेझलला ते वाचता येणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच तिच्या नावानं लिहिलं. ते तिला आईकडूनच वाचून घ्यावं लागलं असतं. जे मला खोक्यांमध्ये बसून चहा पिताना सांगता आलं नाही, ते त्या माउलीला स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं वाचावं लागलं असतं, आणि तिच्या तोंडाकडे ती पोर बघत राहिली असती.

त्याच दिवशी एक पत्र मिरजेलाही टाकलं. ताईला नाही, सुहासला. मजेत आहेस हे सोडून बाकी काय ते लिही, एवढंच. त्याचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं, आणि पुढच्या मार्चमध्ये आम्ही गाशा गुंडाळून परत आलो.

नॉर्वेहून उत्तर आलं नाही. माझं पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असावं. हेझल आता पन्नाशी ओलांडून गेली असेल. अधूनमधून, दुपारी डोळा लागत नाही तेव्हा, मी ती खोली मनाशी मांडते. खिडकीबाहेर डोंगर, टेबलावर फाडलेलं पाकीट. हेझल समोर बसली आहे, पाय आता जमिनीला टेकत असतील. मिसेस लॉसन आधी सगळं पत्र मनात वाचून काढतात. मग लेकीकडे बघतात. मग मोठ्यानं वाचायला सुरुवात करतात.

त्यांनी काय वाचलं, ते मला कळायला मार्ग नाही.